फळ्यावरचा बिल्ला

घाटकोपरच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या.

"वहिनी, दादा झोपला का काल?"

"कुठे गं. खाणीत उतरताना ते आपल्या नावाचा बिल्ला फळ्यावर टांगतात, वर आले की काढतात, खाली कोण राहिलं ते कळावं म्हणून. साकीनाक्याच्या ट्रेनिंगला व्हीआरच्या चष्म्यातपण तसंच. चक्कर आली म्हणून ह्यांनी चष्मा मध्येच काढला. बिल्ला राहिला तिथेच."

"खोटाच ना तो?"

"तेच म्हटलं. म्हणाले, म्हणजे मी अजून खालीच आहे."

"मग परत चष्मा घालून काढायचा ना."

"काल गेले होते. फळ्यावर नव्हता. कोणीतरी माझा बिल्ला घेऊन वर गेलं, म्हणाले."

"आणि आता?"

"आता मला विचारतात, तुझ्याबरोबर घरी कोण आलं?"

कंपाउंडरनं हाक मारली. "प्रबुद्ध वानखडे."

दोघींनी समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथला माणूस मागे वळून बघत होता, कोण उठतंय ते.