घरीच उघडलेलं इंजिन

...आणि वर मलाच म्हणतात, की तुम्ही कोणाचं ऐकत नाही! मी? तुम्हाला सांगतो, माझ्याइतकं ऐकून घेणारा माणूस दिवा घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही. सासऱ्यांचं ऐकतो, आईचं ऐकतो, शेजारच्या काकांचं तर भिंतीपलीकडून ऐकतो, बायकोचं... बरं, बायकोचं नाही ऐकलं. पण ती बोलली कुठे? तिथेच तर सगळी मेख आहे! थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही त्यांच्याच बाजूला जाऊन बसाल.

तर आमच्या सासरेबुवांची एक गाडी. जुनी. जुनी म्हणजे किती, तर बायको जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी आणली ती याच गाडीतून. गोल डोळ्यांचे दिवे, फुगलेले गाल, दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. बायको मागच्या सीटवर झोपून मोठी झाली, पुढच्या सीटवर बसून चालवायला शिकली, आणि लग्न होऊन माझ्याकडे आली तेव्हा रडली ती आईबापांच्या गळ्यात पडून नाही, गाडीच्या बॉनेटवर डोकं ठेवून! मी बाजूला उभा. मला वाटलं, आपली लायकी पहिल्याच दिवशी कळली, बरं झालं.

पुढे सासरेबुवांचे गुडघे गेले, गाडी वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी राहिली आणि इंजिन जाम झालं. जाम म्हणजे असं जाम, की किल्ली फिरवा, धक्का मारा, नवस बोला... ढिम्म! मग त्यांनी घर विकलं, लहान जागेत राहायला आले, आणि गाडी दोरीने ओढत आणून आमच्या अंगणात उभी केली. आणि सगळ्यांसमोर काय म्हणतात? "जावईबापू, मेलेली गाडी मला बघवत नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो. चालू झाली तर ठेवा. नाहीतर सोमवारी भंगारवाला येईल, मी सांगून ठेवलंय."

बायकोने काय केलं? नुसता टपावरून हात फिरवला. तुम्हाला सांगतो, बोलली असती तर परवडलं असतं! तो हात बघितला आणि मी छाती काढून म्हटलं, "बाबा, इंजिन ना? घरी उघडतो, घरी जोडतो. त्यात काय एवढं!"

सासरेबुवांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं तुम्हाला दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं. आमच्याकडचा पंखा मी दुरुस्त केल्यापासून उलटा फिरतो, हे त्यांना ठाऊक आहे.

पण मी काय घाबरतो? चेनपुली भाड्याने आणली, इंजिन उचललं, मागच्या खोलीतला पलंग बाहेर काढला आणि त्या जागी इंजिन! आणि उघडायला काही अक्कल लागत नाही हो, उघडायला पाना लागतो. नट काढ, वाटीत टाक. बोल्ट काढ, वाटीत टाक. घरातल्या वाट्या संपल्या, मग पेले, मग आईचा औषधाचा डबा. जेवायला बसलो की आई विचारायची, "अरे, आमटी काय आता ओंजळीत घेऊ?" मी म्हटलं, आई, थोडे दिवस. त्यात काय एवढं!

शेजारचे काका रोज भिंतीवरून डोकावायचे. यांना आम्ही तज्ज्ञकाका म्हणतो, कारण त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं, फक्त स्वतःच्या दाराचं कुलूप उघडत नाही. "काय हो, पिस्टन गरम केलात का? गरम केल्याशिवाय पिन बसायची नाही हं! ओव्हनमध्ये ठेवा!" आता हे खरं होतं, मला माहीतच होतं, पण त्यांनी सांगितल्यावर करायचं म्हणजे जिवावर आलं. म्हणून एक दिवस मध्ये जाऊ दिला आणि मग ठेवले. चारही पिस्टन, ताटलीत, ओळीने. आई बाहेरून आली, ओव्हनचा दिवा बघितला, म्हणाली, "अगंबाई, आज काय केलंय?" आणि उघडून बघते तर... त्यानंतर आई आठवडाभर ओव्हनकडे पाठ करून स्वयंपाक करत होती.

आणि मग तो व्हॉल्व्हचा प्रकार! हा ऐका, हा मुद्द्याचा आहे. इंजिनात आठ व्हॉल्व्ह असतात. दिसायला कसे? लांब दांड्याच्या छत्र्या. आणि प्रत्येक छत्रीची आपली आपली जागा. मी काय केलं, प्रत्येक व्हॉल्व्हला खरखरीत पेस्ट लावून त्याच्या त्याच्या जागेवर बसवून बसवून घासला. घास घास घास... हात गेले, खांदे गेले, झोपेत उशी घासायला लागलो! कारण एकदा घासला की तो त्याच जागेचा. इकडचा तिकडे चालत नाही. मग मी ते आठही अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबरवार उभे केले आणि हात धुवायला गेलो. किती वेळ? साबण लावून धुवायला लागतो तेवढा!

परत येतो तर ट्रे रिकामा. आई शेजारी उभी, चेहऱ्यावर समाधान! "अरे, किती तेलकट ते! भांड्यांबरोबर घासून टाकले. आणि कसले लहानमोठे एकत्र ठेवलेले, मी नीट लावलेत बघ." बघतो तर खरंच नीट! मोठे एकीकडे, लहान दुसरीकडे, चकचकीत, रुमालावर... आणि कुठला कुठला, ते एका देवाला ठाऊक आणि तोही आईला विचारल्याशिवाय सांगणार नाही!

मी ओरडलो नाही. आईवर काय ओरडणार? ती बिचारी मदतच करत होती. मी भिंतीकडे तोंड करून ओरडलो. आणि मग पुन्हा आठ व्हॉल्व्ह, पुन्हा पेस्ट, पुन्हा घास घास घास! पण त्या दिवशी माझी सटकली ती सटकलीच. मोठा पुठ्ठा घेतला, जाड अक्षरात लिहिलं, "काम चालू असताना कोणीही बोलू नये, हात लावू नये, सल्ला देऊ नये." आणि दारावर ठोकला. सगळ्यांसाठी एकच कायदा! आई असो, काका असोत, खुद्द बायको असो.

तेव्हा बायको हसून म्हणाली, "अहो, मी लहानपणी बाबांना बॅटरीचा उजेड धरायचे, इंजिनाचं काम चालू असताना." मी म्हटलं, "बॅटरी धरणं वेगळं आणि इंजिन जोडणं वेगळं. आता ते मी करतोय ना? त्यात काय एवढं!" ती बरं म्हणाली. आता बायको 'बरं' म्हणाली की सावध व्हावं, हे लग्न झालेल्या कुठल्याही माणसाला कळतं. मला कळलं नाही. माझं लक्ष इंजिनात!

आणि इंजिन बसत गेलं हो, एकेक करत बसत गेलं! पिस्टन गेले, व्हॉल्व्ह गेले, वाट्या एकेक रिकाम्या होऊन स्वयंपाकघरात परत गेल्या. आई प्रत्येक वाटीचं वाकून स्वागत करायची. शेवटी राहिला डिस्ट्रिब्युटर. म्हणजे कुठल्या प्लगला कधी ठिणगी द्यायची, ते ठरवणारा डबा. मी तो हातात घेतला, फिरवला, बसवला... आणि दारात बायको, चहा घेऊन. "अहो, ते जरा..." मी बोट वर केलं. श्श! पुठ्ठ्याकडे दाखवलं. तिने चहा ठेवला, गेली. मी वायरी लावायला घेतल्या, पुन्हा बायको, बिस्किटं घेऊन. "अहो, तो डबा..." श्श! पुन्हा बोट! तिसऱ्यांदा आली ती नुसतीच आली, हातात काहीच नाही, दाराला टेकून उभी राहिली. मी न बघताच बोट वर केलं. सवय हो!

उगवला रविवार. इंजिन गाडीत बसलेलं, गाडी अंगणात. सासरेबुवांना खुर्ची, आईला खुर्ची, तज्ज्ञकाका स्वतःची खुर्ची घेऊन आलेले. बायको स्टिअरिंगवर. मी बॉनेटपाशी, हातात फडकं, लग्नात उभा होतो त्यापेक्षा जास्त ऐटीत. म्हटलं, "फिरव किल्ली!"

फटाक्!!

असा बार झाला की झाडावरचे कावळे उठले. कार्बोरेटरमधून जाळ आला आणि काका नेमके आत वाकून बघत होते, त्यांच्या चष्म्याला काजळ लागलं. "बघा! मी म्हटलं नव्हतं?" काय म्हटलं होतं, ते त्यांनाही आठवेना! पुन्हा फिरव. फटाक्! पुन्हा. फुस्स... फटाक्! मी पेट्रोल बघितलं, हवा बघितली, प्लग काढून बघितले, ठिणगी तर पडतेय! मग अडतंय कुठे? आई म्हणाली, "अरे, माझ्या घासण्याने तर काही...?" तिचा चेहरा असा झाला होता की मला तिथल्या तिथे रडू यायला लागलं.

आणि सासरेबुवा उठले. काठी घेतली. आवाजात राग नाही काही नाही, त्याचाच त्रास झाला. म्हणाले, "राहू द्या जावईबापू. पुष्कळ केलंत तुम्ही. उद्या येईल तो, घेऊन जाईल." आणि गाडीकडे न बघता फाटकाकडे निघाले. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, की नाही, हे काही जमलं नाही आपल्याला. काकासुद्धा आपली खुर्ची उचलायला लागले, म्हणजे बघा!

तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. तिजोरीसारखं. बायको उतरली, माझ्यासमोर आली आणि शांतपणे विचारलं, "काम संपलं का?"

मी म्हटलं, "संपलं."

"मग आता बोललं तर चालेल?"

आणि उत्तराची वाट न बघता इंजिनात वाकली, त्या डब्याच्या चारही वायरी उपटल्या, समोरासमोरच्या एकमेकींच्या जागी लावल्या, खट् खट् खट् खट्! "अर्धा फेरा उलटा बसवलाय तुम्ही. भलत्याच वेळी ठिणगी पडतेय. बाबा, तुम्हीही एकदा असाच बसवला होतात, आठवतं?" सासरेबुवा फाटकापाशीच थांबले. ती गाडीत बसली, किल्ली फिरवली...

घर्र... घर्र... आणि लागली हो! अशी लागली, अशी लागली, की पहिल्या धुराबरोबर सगळं अंगण निळं! मग आवाज स्थिरावला, एकसारखा, गुबगुबीत. सासरेबुवा परत आले, बॉनेटवर हात ठेवला आणि उभे राहिले. डोळ्यांतून पाणी. धुरामुळे म्हणाले. आईने पदर डोळ्यांना लावला, तीही धुरामुळे म्हणाली. मीही धुराचंच नाव घेतलं.

नंतर मी बायकोला बाजूला घेतलं. "अगं, तुला दिसत होतं, तर सांगायचं नाही?" तर काय म्हणते? "तीनदा आले. तुम्ही तीनदा बोट वर केलंत. मला वाटलं, एवढा कायदा केलाय तर पाळावा. त्यात काय एवढं!"

आता मला सांगा, इंजिन कोणी जोडलं? मी! पिस्टन माझे, व्हॉल्व्ह माझे, आणि तेही दोन-दोनदा! चार वायरी इकडच्या तिकडे केल्या म्हणून काय झालं? पण किल्ली सासरेबुवांनी दिली कोणाच्या हातात? लेकीच्या! आता दर रविवारी ती चालवते, शेजारी सासरेबुवा, मागे मी आणि आई, माझ्या पायाशी पान्यांची पेटी. कुठे थांबलो की लोक जमतात. "वा! काय आवाज आहे! इंजिन कोणी केलं?" बायको सरळ सांगते, "यांनीच, घरी." खोटं नाही बोलत हं ती. मग मी पुढे सरसावतो, घसा खाकरतो, "त्याचं असं झालं..." एवढं म्हणतो न म्हणतो, तोच पुढच्या सीटवरून, मागे वळूनही न बघता, एक बोट वर येतं.

कारण तो पुठ्ठा. दारावरचा काढून तिने पुढच्या सीटच्या पाठीला लावलाय, बरोबर माझ्या नाकासमोर. अक्षर माझंच, नाही कसं म्हणू? म्हणून तर गाडी थांबली की आधी खाली उतरतो आणि तुमच्यासारखं कोणी सापडलं की असं रस्त्यात उभं राहून सांगतो. गाडीत बोलायला मनाई आहे मला. चालायचंच... त्यात काय एवढं!