धाकट्या बहिणीने पाणी पिणे का सोडले याबाबत

मी खाली सही करणारी, मयत महिलेची सख्खी थोरली बहीण, वय ४६ वर्षे, व्यवसाय शाळेच्या कार्यालयात लेखनिक, राहणार शाळेमागील वसाहत, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

मयत ही इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत इस्त्री विभागात कामाला होती. गेल्या सोमवारी ती कामावर चक्कर येऊन पडली व दवाखान्यात नेईपर्यंत मरण पावली. अंगातले पाणी व क्षार फार कमी झाले होते, असे डॉक्टरांनी सांगितले. जावयाने बायको बारीक राहावी म्हणून तिला उपाशीतापाशी ठेवले, अशी तक्रार माझ्या आईने दिली आहे. त्यावरून माझ्या मेहुण्यांना कालपासून इथे बसवून ठेवले आहे. आईची ही तक्रार खरी नाही.

दीड वर्षापूर्वी बहिणीने वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली. तो निर्णय तिचा स्वतःचा होता. मेहुणे तिला चेष्टेने 'पिंप' म्हणत, हे खरे आहे. तीही त्यांना 'काठी' म्हणत असे.

वजन जास्त असताना खोकला किंवा शिंक आली की तिला थोडी लघवी होत असे. शस्त्रक्रियेनंतर ते बरेच थांबले. परंतु पोट वरचेवर बिघडू लागले. शौचाचा वेग आवरता येत नसे व कपडे खराब होत. शिवाय अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येण्याचा जुना त्रास होता, तो वजन उतरूनही गेला नाही. ओल्या चादरी उचलल्या की तो वाढे. माझ्या घरी आली की ती गादीवर बसत नसे, लाकडी खुर्ची घेत असे. त्यावरून मी विचारले, तेव्हा तिने हे सांगितले.

इस्त्रीच्या रोलरवर दोघी चादरीची दोन टोके धरतात. एक गेली की रोलर थांबतो आणि कोण कुठे गेली ते सगळ्यांना कळते. म्हणून कामाच्या दिवशी ती घरी येईपर्यंत पाणी पीत नसे. डबा मेहुणे भरून देत, तो ती न खाता वाटेत रिकामा करी. हे मेहुण्यांना माहीत नव्हते.

मी तिला म्हटले, "अगं, डॉक्टरीणबाईंना सांग. यावर उपचार असतात." ती म्हणाली, "ताई, पोट कापून घेतलं म्हणून आधीच लोक हसतात. आता हे ऐकलं तर म्हणतील, हौस नडली. झाकली मूठ राहू दे." शेवटच्या रविवारी तिचे ओठ फुटले होते. मी पाण्याचा पेला पुढे केला. "उद्या कामावर जायचंय," म्हणाली. दोन घोट घेतले.

वर आधी 'बायकांचा त्रास' एवढेच लिहिले गेले होते. एवढ्यावर मेहुणे सुटणार नाहीत, असे हवालदारसाहेबांनी सांगितले. "आणि ताई, स्पष्ट लिहिलं तर ते तक्रारदारालाही कळवावं लागेल," असेही म्हणाले. मी ते शब्द खोडून लघवी, शौच व अंग बाहेर येणे असे लिहायला सांगितले. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे.

जबाब मला दार लावून वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. आई बाहेर बाकावर बसली आहे. तिला तो मी वाचून दाखवणार आहे.