रिकामी पाकिटं

यश कशाला म्हणता रे? आमच्या बीपीच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही ते गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांवर मोजायचो. रिकामी पाकिटं कमी निघाली की मी गोळ्या वाटणाऱ्या गावच्या आशाताईला झापायचो. शेवटच्या मूल्यमापनाला मुंबईहून मॅडम आल्या, तेव्हा त्यांना मुद्दाम मुरुडच्या एका नाखव्याच्या घरी नेलं. त्याचं एकही पाकीट कधी कमी पडलं नव्हतं.

दारात त्याची बायको आली. "ते गेले, साहेब. आठ दिवस झाले. बोटीवरच झटका आला."

"पण गोळ्या तर रोज घेत होते ना?" मॅडमनी विचारलं.

"न्हाय ओ. बोटीवर जाताना घरीच ठेवायचे. मग ताईला बोलणी बसायची, म्हणून मीच गोळ्या काढून फेकायची."

ती आतून पिशवी घेऊन आली.

"ह्या महिन्याचीबी रिकामी करून ठेवलीत, साहेब. ताईला ओरडू नका."