लेखी पाचारण

विषय – अर्जदार सध्या करीत असलेले काम त्याच्या ख्रिस्ती पाचारणास धरून आहे किंवा कसे, याबाबत निर्णय मिळणेबाबत. संदर्भ – पाळकसाहेबांचा उपदेश, रविवार, दिनांक आठ. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून – नाही नाही, बाई, हा तुमचा अर्ज नव्हे. तुमचा तो खाली, पेपरवेटखाली, सुरक्षित आहे. हा माझा. तुम्ही मघाशी विचारलंत ना, की एका सहीला तेरा दिवस का लागतात? त्याचं उत्तर म्हणून वाचून दाखवतोय. तोंडी सांगितलं की लोकांना वाटतं टोलवतोय.

बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे, या बाकावर बसा. तर एकतीस वर्षं मी या खिडकीमागं आहे. जन्म इकडे, मृत्यू पलीकडच्या खिडकीवर – मधे काय ते लोकांनी आपापलं बघायचं. एकतीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात एक शेरा नाही. शेरा काय, शाईचा डाग नाही. निवृत्तीला सात महिने राहिलेत. आणि अशात पाळकसाहेब उपदेशात म्हणतात, देवानं प्रत्येकाला कशासाठी तरी पाचारण केलं आहे, तेव्हा ज्या खुर्चीत तुम्ही बसता तिथं तुम्हाला त्यानंच बसवलं का, हे एकदा स्वतःला विचारा. झालं! सगळी मंडळी ‘आमेन’ म्हणाली, घरी गेली, जेवली, आडवी झाली. विचारलं कुणी? मी विचारलं. आता बघा हं, खुर्ची माझी नसेल तर तिच्यात बसून केलेली सही कोणाची? कोणाचीच नाही. म्हणून ठरवलं, निर्णय होईपर्यंत सह्या बंद. – हो, मघाशी त्या गृहस्थांना दिली, ती नोंदीची होती. नोंदींचं तसं हातच करतो, त्यात मी नसतोच. बंद आहेत त्या दुरुस्त्या. – दुरुस्त्या म्हणजे आत्ता तरी एकच आहे. तुमचीच.

हसू नका, विवेकाचा प्रश्न आहे हा. अर्ज मी रीतसर चर्चच्या पंचकमिटीकडे पाठवला, दोन प्रतींत. कमिटीत तिघं – एक दातांचा डॉक्टर, एक निवृत्त हेडमास्तर आणि एक छत्र्यांचा दुकानदार, जो सभेत पावसाखेरीज कशावर बोलत नाही. त्यांनी अर्ज परत पाठवला. त्रुटी काय काढली? ‘अर्जदारास दुसरे कोणते काम येते, ते नमूद केलेले नाही.’ बरोबर आहे, नव्हतं केलं. मग मी म्हटलं, बघू या काय येतं. गायनमंडळात गेलो. आवाज लागेना, पण गीतांची पुस्तकं क्रमानं लावून प्रत्येकावर नंबर टाकून दिला. तर म्हणाले, आता तुम्ही आला नाहीत तरी चालेल. मग आजाऱ्यांच्या भेटीला गेलो. पहिल्याच खाटेवरच्या आजोबांना विचारलं, किती दिवसांपासून प्रलंबित आहात? सवयीनं आलं हो तोंडात! त्यांच्या सुनेनं मला दारापर्यंत सोडलं, अगदी हाताला धरून. तेव्हा रकाना भरला – ‘दुसरे काम : निरंक’ – आणि अर्ज पुन्हा सादर केला.

आमची ही काय म्हणते माहितीय? म्हणते, तुम्हाला देव कसली हाक मारणार! मी जेवायला तीनदा मारते तेव्हा कुठं पेपर खाली येतो. आता बायकोच्या बोलण्याची कुठं आवक-नोंद करायची? सोडून दिलं. पण काल उपासना झाल्यावर पाळकसाहेबांना जिन्याखाली गाठलंच. म्हटलं, माझ्या अर्जाचं? तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, अहो, पाचारण हा शब्द आपण उगाच जड केलाय. त्याचा अर्थ एवढाच, कुणीतरी हाक मारणं. उद्या खिडकीवर बसा आणि हाक कोण मारतंय तेवढं बघा. – मी म्हटलं, हे लेखी द्याल का? हसायला लागले! मी गंभीरपणे म्हणतोय, साहेब, तोंडी आदेश ग्राह्य नसतो, उद्या तुमची बदली झाली तर मी कुणाकडं बघू? तर म्हणाले, ज्याची हाक आहे त्याची बदली होत नाही. – बोलायला ठीक आहे. बायबलातले ते कोळी, प्रभूची हाक आली तशी जाळी टाकून त्याच्यामागं निघाले, वा, मोठी माणसं. पण मी दर वेळी ऐकतो आणि दर वेळी मनात येतं, चार्ज कुणाला दिला? जाळी मोजून कुणाच्या ताब्यात दिली? आणि त्या शिष्यांतला तो जकातनाक्यावरचा! तो तर आपल्याच खात्यातला म्हणायचा. उठला तसा चालू लागला. टेबलावर लोक खोळंबले असतील की नाही? त्यांच्याबद्दल एक ओळ नाही.

हो, मला माहितीय आज शेवटची तारीख आहे. चारदा सांगितलंत. तुमच्या भाचीचं परिचारिकेच्या शिक्षणासाठी नाव लागलंय, शाळेचं ऑफिस सहापर्यंत उघडं असतं, इथून पायी दहा मिनिटं. आणि जन्माच्या दाखल्यावर लिंगाच्या रकान्यात ‘पु.’ आहे, त्यामुळे मुलींच्या वसतिगृहात घेत नाहीत. न घ्यायला काय झालं, नियमाला धरूनच आहे ते. ‘पु.’ म्हणजे पुरुष. मुलगी ती, हे मलाही दिसतंय, ती काय बाहेर बसलीय. आमच्या शिपायाचं बोट सकाळी खिडकीच्या या झडपेत चेमटलं तेव्हा तीच धावली. रुमाल फाडला, पट्टी बांधली, हात वर धरून ठेवायला लावला. शिपाई वीस वर्षं माझ्याशी नीट बोलला नव्हता, तो तिला ‘बाळा’ म्हणाला. मी आतून बघत होतो. तिनं कुणालाही विचारलं नाही हो, की हे काम माझं आहे का! लगेच हात घातला. अशानं पुढं अडचणी येतात. सांगा तिला.

काय बघताय वर? पाटी आहे ती. ‘मृत्यूच्या नोंदी पुढील खिडकीवर.’ मीच लिहिलीय, चौदा-पंधरा वर्षं झाली, अजून रंग गेलेला नाही. – तो उकार ना? सगळे विचारतात. ‘पु’च्या उकाराची शेपूट मी खाली नेऊन डावीकडं वळवतो, शाळेपासूनची सवय. मास्तर मारायचे, तरी गेली नाही. या कचेरीत तसा उकार दुसऱ्या कुणाचा नाही, साहेब म्हणायचे की तुमची सही नसली तरी – दाखला कशाला काढताय बाहेर? ठेवा आत, घाम लागेल त्याला. मला माहितीय त्यावर काय आहे. तीन तारखेलाच पाहिलं मी, तुम्ही खिडकीतून आत सरकवलात तेव्हाच. – अठरा वर्षांपूर्वी या टेबलावर कोण होतं, ते मला कसं आठवणार? दिवसाला साठ नोंदी. त्या दिवशी आधीचे अकरा मुलगेच आले असतील ओळीनं, हात वाहत जातो एखादे वेळी, म्हणजे ज्याचा कुणाचा हात असेल त्याचा. आणि दुरुस्तीला ‘स्त्री’ एवढंच लिहून भागतं असं वाटतं तुम्हाला? भागत नाही. समासात कारण लिहावं लागतं – ‘लेखनिकाची चूक’ – खाली सही, आणि एक प्रत सेवापुस्तकाला. कुणाच्या? ज्याची चूक त्याच्या. सात महिने राहिले असताना. निरोपाच्या दिवशी साहेब ते पुस्तक सगळ्यांसमोर उघडतात, बाई. कोऱ्या पानांसाठी टाळ्या पडतात. मी पाहिल्यात, दुसऱ्यांसाठी.

त्याचा आणि याचा संबंध नाही. माझा अर्ज पाचारणाबद्दल आहे. हा बघा, तारखेसकट, तुम्हीच वाचा – दिनांक सहा. – सहा? उपदेश आठचा. म्हणजे संदर्भ आठचा आणि अर्ज सहाचा – असं कसं होईल? तुमचा तीनला आला, मग चार, पाच, सहा – लिहिण्यात चूक झाली असेल.

चूक म्हणजे – तारखेची.

साडेचार झाले. खिडकीची वेळ संपली. बोटं काढा, सकाळीच एकाचं चेमटलंय. तुम्ही असं करा, उद्या दहाला या. उद्या उपयोग नाही हे कळलं मला, पण वेळ म्हणजे वेळ. मुलीला म्हणावं, पुढच्या वर्षी. कमिटीची सभा शनिवारी आहे, तिथं माझा विषय सातवा आहे, पाचव्यापर्यंत पोचले तरी खूप. लिहून ठेवतो, तुमच्यासमोरच लिहितो : दोन्ही अर्ज प्रलंबित. – बाई, झडप लावलीय मी. हाक मारू नका. ऐकू येतंय मला.