घोडेस्वार

डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या नवरा-बायकोचं बोलणं मी ऐकलं. ऐकायला नको होतं, पण हातातलं पुस्तक एक पानही पुढे सरकेना. नवरा म्हणत होता,

“मी ते खेळातले चिमुकले सैनिक देऊन टाकणार. बोटभर शिपायाचे डोळे रंगवायचे, तर परवाची अख्खी पलटण चकणी झाली.”

“शत्रूला कळायचं नाही, बघताहेत कुणाकडे ते.”

“चेष्टा नको. खेळाच्या नियमांचं पुस्तक दुसऱ्यांदा बदललंय. वर्षभर खपून रंगवलेले माझे घोडेस्वार आता टेबलावर सहाच इंच धावतात.”

“पहिल्या पुस्तकात बारा धावायचे.”

“हो ना. आणि खेळणार कुणाशी? माझ्याशी खेळणारा तो औषधवाला तर कायमचा परगावी गेला.”

“माझ्याशी.”

“तुला नियम कुठे येतात?”

“तिन्ही पुस्तकं कुणाला मोठ्याने वाचून दाखवलीत? मी इस्त्री करत होते, बहिरी नव्हते.”

“मग दलदलीतून जाताना?”

“निम्मं अंतर. तोफ असेल तर जायचंच नाही.”

“अगं, हे माझ्याही लक्षात नव्हतं!”

“आधी मोतीबिंदू काढून घ्या. मग पहिल्याच पुस्तकाने खेळू. इतकं बारीक काम करणारा हात मी दुसरा पाहिला नाही, तो असा वाया जाऊ देणार नाही.”

“माझी दया येऊन मुद्दाम हरशील.”

“खेळा तर आधी. दया तुम्हालाच मागावी लागेल.”