दहा मिलिसेकंद

नाही नाही वहिनी, टेबलावरचा तो कप त्यांचाच, टाका खोक्यात—कान तुटलाय, तरी सात वर्षं त्यातच चहा प्यायले मास्तर. आम्ही सगळे मास्तरच म्हणायचो त्यांना. काय? नोकरी का गेली ते—म्हणजे त्यांनी घरी तुम्हालाही काहीच सांगितलं नाही? नाहीच सांगणार ते. बसा, सांगतो. सोपं आहे—सोपं कसलं, तीन आठवडे डोकं फोडत होतो आम्ही दोघं!

असं बघा, युनिक्स नावाच्या सिस्टिमसाठी लिहिलेले प्रोग्रॅम दुसऱ्या सिस्टिमवर चालावेत म्हणून मधे आमचा एक थर असतो—दुभाषीच म्हणा. रक्त तपासणाऱ्या एका लॅबचा प्रोग्रॅम त्यावर चालायचा, आणि हजारातून एकदा नुसता गप्प. बंद पडला नाही, चुकला नाही—गप्प. का? तर एकाच प्रोग्रॅमात चार कामं एकदम चाललेली असतात, थ्रेड म्हणतो आम्ही. एकाने कुलूप लावलं की बाकीच्यांनी थांबायचं. आणि नेमकं कुलूप लागलेलं असताना प्रोग्रॅमने स्वतःची दुसरी प्रत काढली, तर त्या प्रतीतही कुलूप येतं आणि किल्लीवाला मागेच राहतो! मग बसा जन्मभर वाट बघत. हे आज सांगतोय हो, तेव्हा कुठे कळलं होतं? मी आपली मधे एक ओळ घुसवली—दहा मिलिसेकंद थांब, बस्स—आणि चूक गायब! मास्तर म्हणाले, "अरे, गेली नाहीये ती, दबा धरून बसलीये. काढ ती ओळ." काढतो म्हटलं.

काढली का? हो, म्हणजे—नाही. साहेबांना सांगून बसलो होतो ना, झालं म्हणून. शाबासकी घेऊन बसलो होतो.

मग लॅबने नवं, वेगवान मशीन घेतलं, माझा दहा मिलिसेकंदांचा हिशोब फसला आणि सोमवारी सकाळपासून सहा तास एक रिपोर्ट बाहेर नाही. एका बाईंचं ऑपरेशन अडलं—वाचल्या त्या, वाचल्या, मी फोन करून विचारलं, दोनदा. बुधवारी मीटिंग. साहेब म्हणाले, थर मास्तरांचा, चूक मास्तरांची. मला विचारलं, तुझं काय म्हणणं? मी म्हणालो, "बघावं लागेल." बघावं लागेल! माझीच ओळ, आणि मलाच बघावं लागेल! मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं—रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं हो—आणि म्हणाले, "जबाबदारी माझी." बाहेर आल्यावर मला विचारतात काय, तर "जेवलास का?"

त्यांना ठाऊक होतं, वहिनी. ते कुलुपाचं त्यांनीच शोधलं, मी नाही—वहीत अख्खं चित्र काढलंय, मंगळवारची तारीख घालून. खाली लिहिलंय, "थांबण्याची ओळ कोणाची:" आणि पुढे जागा कोरी.

वही? खोक्यात—नाही, खोक्यात नाहीये ती. ऑफिसची मालमत्ता असते ना... म्हणजे मी साहेबांना दाखवणारच होतो, महिना झाला, रोज दाखवणार—

माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

असं बघू नका, वहिनी. घ्या, ही किल्ली. तुम्हीच काढा वही आणि दाखवा. साहेबांची खोली डावीकडे, दार उघडंच असतं. जा ना. जा म्हणतो ना!