पाठमोरी

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे पुस्तक वाचता येईना. बॉथेल गावातल्या डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये मी शेजारच्या काकू-पुतणीचं बोलणं ऐकत बसलो.

"सावनी, मला सगळं धुक्यात दिसतंय. तुझ्या फोनवरच्या सिरियलमध्ये काय चाललंय?"

"हिरॉइन दारात उभीय. आता रडणार."

"नाही, पाठ फिरवेल."

"काकू, तू हा एपिसोड पाहिलायस!"

"नाही गं. ह्या सिरियलची डायरेक्टर आधी स्वतः ॲक्ट्रेस होती, कराचीची. रडायची वेळ आली की पाठ फिरवायची. आता इतरांना शिकवते."

"ओ माय गॉड, फिरवली!"

"बघ!"

"ऑपरेशनची भीती वाटतेय?"

"छे! दिसणारा एकच तर डोळा उरलाय."

नर्सनं नाव पुकारलं. शेजारची धूसर निळी साडी उठून दाराकडे गेली.

"काकू, इकडे बघ ना जरा."

"नको. तू सिरियल बघ."